तू मशीनले गंडवलं

जमने, तांड्यातले लोक म्हणून राह्यले, तू पुण्यवान होती. नवऱ्याच्या आधी गेली, अहेव गेली, घुगऱ्यांसकट गेली. लग्नाच्या दिवशी कानापुढच्या केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या मरेपर्यंत सोडल्या नाईत, अशी बाई आता होणे नाई. येतात, हे सांगतात, चहा पितात आन् जातात. मी त्यांले तोंडावर सांगतो, घुगऱ्यांसकट नाई गेली, घुगऱ्यांपायी गेली. मंग त्यांचा चहा घशात अडकते. अडकू दे. तुझा श्वास अडकला, त्यांचा घोट अडकला तं काय झालं.

तू असती तं मले दटावलं असतं. माझ्या जिभेवर रंधा मारायले पायजे, असं तू चारचौघांत म्हणायची. आता रंधा मारणारी गेली. तुझं मरण मले गोड करून घ्यायचं नाई, कारण ते गोड झालं तं तुझी धाकटी जाऊ लिला बी त्याच वाटेनं जाते. तुझं कौतुक ऐकून ऐकून तिनं बी घुगऱ्या सोडणार नाई म्हणून सांगतलं होतं. तिच्या बी गळ्यात नळी होती. तुझी हवेची होती, तिची रक्ताची. म्हणून दुःख करायचं ते नंतर करू म्हटलं, आधी हे काम.

तुझं मरण खरं तं फाल्गुनातच यायचं होतं. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती. एक खुंट राह्यला होता, तो तुझ्या टाचेत घुसला. तू हळद भरली, चिंधी बांधली आन् शेताच्या धुऱ्यावर बसून मले म्हणली, तुझ्या हातची पऱ्हाटी उपटली की खुंट राहतेच. मी म्हटलं, तुझा पाय बी नेमका तिथंच पडते. एवढंच बोलणं झालं. मंग काही दिवसांनी भाकरीले तुझं तोंड उघडेना. मले वाटलं तू रुसली. सकाळच्या जेवणाले मी समजूत काढली, रात्रीच्या जेवणाले बी काढली. तू दातांवर दात ठेवून माझ्याकडं नुसती पाहे. दुसऱ्या दिवशी तुझी पाठ धनुष्यासारखी ताणली तवा समजलं की हा रुसवा नाई.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात धनुर्वात सांगतला. त्यांनी तुझ्या गळ्याले खालच्या अंगानं छेद देला, नळी घातली आन् नळी मशीनले जोडली. तुझा श्वास मशीन घेत होती. नळीच्या आतल्या टोकाले एक लहान फुगा असते. त्यात हवा भरतात, म्हणजे मशीनची हवा बाजूनं निसटत नाई. त्या फुग्यानं तुले वाचवलं, हे मी कधी नाकारणार नाई. तांड्यात होळीची लेंगी गाणी चालू होती, डफ वाजत होते, आन् मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मशीनीच्या सुस्काऱ्याकडं कान लावून होतो. तो सुस्कारा चालू आहे म्हणजे तू आहे, एवढंच मले समजे.

मंग तू शुद्धीवर आली. मशीन निघाली, नळी राह्यली. नर्सबाईनं शिकवलं की भोकावर बोट ठेवलं की बोलता येते. तू पहिलं बोट ठेवलं आन् काय विचारलं? मी जेवलो का, हे नाई. देवाचं नाव नाई. म्हशीले ढेप घातली का, हे विचारलं. मी म्हटलं घातली. तू बोट काढलं, श्वास घेतला, परत बोट ठेवलं आन् म्हणली, खोटं. शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून उठून बसली होती. साऱ्या जन्मात तुझी शिवी मले तुटक तुटक तवाच मिळाली. एक शब्द, मंग श्वास, मंग दुसरा शब्द. मले ती गोड लागे. तू वाचली होती ना.

नळी काढली, भोक भरून आलं, आपण घरी आलो. गळ्यावर खळगी राह्यली तेवढी. ज्येष्ठात तू पाण्याची घागर आणताना मधीच उभी राहायले लागली. मंग श्वासाबरोबर शिटी वाजायले लागली. आधी चालताना, मंग बसल्याजागी. साऱ्यांनी सांगतलं दमा आहे. तुझ्या बापाले बी दमा होता, म्हणजे झालाच. फवारा आणला, तोंडात मारला. शिटी काही थांबली नाई. तू त्या शिटीची बी गंमत केली. म्हणली, आता मले गाय वळायले पाठवा, हाक मारायची गरज नाई.

श्रावण लागता लागता मी तुले परत यवतमाळले नेलं. तिथं ती लहान वयाची डॉक्टरीणबाई होती. तिनं फवारा बाजूले ठेवला आन् तुझ्या गळ्यावरच्या खळगीकडं पाह्यलं. मंग तिनं एकच विचारलं, शिटी श्वास घेताना वाजते की सोडताना. आपण दोघं एकमेकांकडं पाहत राह्यलो. एवढे दिवस ऐकून राह्यलो, पण हे कोणी ऐकलं नव्हतं. तू दोनचार श्वास घेऊन दाखवले. घेताना वाजत होती.

तिनं आपल्याले समजावून सांगतलं. नळीचा फुगा आतून श्वासाच्या वाटेले दाबून राहते. काही लोकांले तिथं घाव होते. नळी निघाली की घाव भरते, पण भरताना कातडं आवळते, आन् वाट बारीक होत जाते. दम्यात बारीक बारीक फांद्या आवळतात, इथं खोडच आवळलं असंल. बाहेरून काही दिसत नाई. सीटी स्कॅन केला म्हणजे दिसते, कुठं आवळली, किती आवळली. मंग दुर्बिणीनं फुगवता येते नाईतं ऑपरेशन करता येते. तिनं सांगतलं, गळ्यातलं, कानातलं, केसातलं सारं काढून मशीनीत जायचं.

तू गळ्यातली हासली काढली. कानातलं काढलं. नाकातलं बी काढलं. आन् घुगऱ्यांवर हात ठेवून म्हणली, कोनी.

कोनी म्हणजे नाई. आपल्या बोलीतला हा एक शब्द तू जेवढ्या वेळा वापरला असंल, तेवढा श्वास बी घेतला नसंल. दवाखान्याच्या ओट्यावर आपलं भांडण झालं. लोक पाहत होते. मराठी लोकांपुढं तू मले तुमी म्हणायची, पण त्या दिवशी सरळ तू वर आली. मी म्हटलं, घुगरी नवऱ्यासाठी असते ना, तं नवराच सांगते, काढ. मी जिवंत तुझ्यापुढं उभा आहे.

तू म्हणली, "तू जिवंत आहे म्हणून तं नाई काढत."

मले माहीत होतं तू कायले अशी करते. तुझ्या फुफीनं, बापाच्या बहिणीनं, एकदा डोकं धुवायले घुगऱ्या सोडल्या आन् त्याच हप्त्यात तिचा नवरा विहिरीत गेला, हे तू लहानपणी डोळ्यांनी पाह्यलं होतं. तो दारू पिऊन विहिरीवर बसला होता हे बी तुले माहीत होतं. पण तुझ्या डोक्यात घुगरीच राह्यली. बाकी बायांनी सोडल्या, पोरींनी तं घातल्याच नाईत, तू त्यांले कधी नाव ठेवलं नाई. आपल्यापुरतं मात्र धरून बसली.

मंग तू एकदम मान डोलावली. म्हणली, काढतो बाप्पा, तू बाहेर जाय. मी बाहेर गेलो. तू काय केलं हे मले एसटीत बसल्यावर समजलं. तू घुगऱ्या वर ओढल्या, डोक्यावर वेणीखाली दाबल्या, वरून ओढणी घट्ट गुंडाळली आन् मशीनवाल्याले सांगतलं, काढल्या. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरची ओढणी त्यानं काही ओढली नाई. भला माणूस. पण मशीनीत उताणं झोपल्यावर तुले खोकला आला, ओढणी सुटली, आन् दोन्ही घुगऱ्या घसरून गळ्याच्या दोन्ही बाजूंनी येऊन बसल्या. मशीनवाला आतून म्हणला, बाई, काहीतरी चांदीचं-लोखंडाचं राह्यलं, फोटो खराब आला, परत झोपा. तू उठून बसली होती, खोकत होती. तू म्हणली, कोनी, आता नाई झोपत, जीव घाबरते.

डॉक्टरीणबाईनं फोटो पाह्यला आन् तिच्या कपाळाले आठी पडली. जिथं पाह्यचं तिथंच पांढऱ्या रेघा, म्हणली. परत या, उद्याच या, सारं काढून या. आन् सर्दी झाली, कफ वाढला, तं थांबू नका, तसेच निघा. तू मान हलवून हलवून हो म्हणली. एसटीत बसल्यावर तू पदराआड हसायले लागली. मी विचारलं काय झालं. तं तू ओढणी थोडी सरकवून घुगऱ्या दाखवल्या. म्हणली, मशीनले गंडवलं.

मले राग आला आन् हसू बी आलं. आधी हसू आलं. महागाव येईपर्यंत आपण हसत होतो, शिटी वाजून राह्यली होती तुझी हसताना. तू घरी आल्यावर साऱ्या बायांले हे सांगतलं. एवढी मोठी मशीन, घराएवढी, पण बाईची चांदी तिले सापडली नाई म्हणून. सापडली होती, जमने. चांदी सोडून तिले दुसरं काही सापडलंच नाई.

मी रोज म्हणत होतो चाल. तू म्हणायची, तीज होऊ दे. नातीची पहिली तीज आहे, टोपलीत गहू पेरला आहे, पोरींनी गाणं म्हणायचं तं म्हाताऱ्या बाईनं सुरू करून द्यावं लागते. मी रिक्षा बोलावली एकदा. तू रिक्षावाल्याले चहा पाजून वापस पाठवलं. उगवलेली तीज बुडवायले तुम्ही साऱ्या नाल्यावर गेल्या, ओल्या पायांनी आल्या, दुसऱ्या दिवशी तुले सर्दी. दुपारी कफ अडकला, तुले रिक्षात घालून यवतमाळले निघालो. फुलसावंगी मागं पडलं होतं, महागाव यायचं होतं, आन् तुझी शिटी थांबली. शिटी थांबली तं मले वाटलं बरं वाटलं तुले. एवढंच मी त्या दिवसाबद्दल लिहीन.

तेरव्याच्या दिवशी बाया बसल्या होत्या. तांड्याच्या नायकाची बायको मले म्हणली, चितेआधी उतरवलेल्या जमनीच्या घुगऱ्या आहेत ना, त्यातली एक लिलाले द्या. अहेव बाईची घुगरी आहे, लिलाच्या केसांत बांधली तं तिचं बी दुखणं जाते. लिला कोपऱ्यात पदर ओढून बसली होती. तिच्या दोन्ही किडन्या बसल्या, हे तुले माहीतच आहे. हप्त्यातून दोनदा माझा भाऊ परसराम तिले रक्त धुवायले नेते. गळ्याखालून मोठ्या शिरेत नळी घातली, तिथून रक्त निघते आन् तिथूनच वापस जाते. तू गेल्यापासून तिचं तोंड सुजायले लागलं. सकाळी डोळे उघडत नाईत. एक हात फुगला. छातीवर निळ्या शिरा उठल्या. तिच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, नळीच्या भवती शिरेत गाठ झाली असंल, सीटी करा, शिरेत औषध सोडून करतात, दागिने काढून या. आन् लिलानं निरोप देला होता, जमनीबाईनं नाई काढलं, मी कशी काढू.

मी त्या दिवशी फार बोललो नाई. घुगरी कोणाले मिळणार नाई एवढं म्हटलं आन् उठलो. नायकाची बायको म्हणली, बुढा कंजूष झाला. होऊ दे.

दुसऱ्या दिवशी तुझा तो काळा फोटो पिशवीत घातला आन् एकटाच यवतमाळले गेलो. डॉक्टरीणबाईनं मले ओळखलं. तुमची बाई आली नाई का, म्हणून तिनं दाराकडं पाह्यलं. मी सांगतलं. मंग मी म्हटलं, मले रडायचं नाई, मले फोटो समजावून सांगा.

तिनं उजेडाच्या पाटीवर फोटो लावला. बोट ठेवून दाखवलं. मधला काळा पट्टा म्हणजे श्वासाची वाट, काळं म्हणजे हवा. वरून नीट येते, सरळ, बोटभर रुंद. मंग दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघा फुटल्या होत्या, ढगातून ऊन फाकावं तशा. त्या रेघांत काळा पट्टा नाईसा होत होता. खाली परत दिसत होता.

"मंग त्या रेघांच्या मागं काय होतं?" मी विचारलं.

"बाबा, माझ्या अंदाजाने तिथेच वाट आवळलेली होती. पण अंदाजावर गळ्यात हात घालता येत नाही. किती आवळली, किती लांब, हे मोजावं लागतं. त्यासाठीच फोटो. धातू असला की मशीनला त्याच्या आजूबाजूचं दिसत नाही."

मी विचारलं, वाचली असती का. ती म्हणली, नक्की सांगता येत नाई, पण वेळ मिळाला असता. खोटं बोलली नाई पोरगी. तिनं तं मनाले लावून घेतलं होतं, म्हणली, मी तेव्हाच अडवून ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, तुमी माझ्या बायकोले ओळखत नाई. तिले अडवायले मी एवढी वर्षं लागलो होतो.

वापस आलो तवा नायकाच्या अंगणात उन्हं होती. मी फोटो सरळ त्याच्या कपडे वाळवायच्या तारेले चिमटे लावून टांगला. मागून ऊन, पुढून साऱ्याले दिसे. बाया आल्या, गडी आले. परसराम आला. लिला नायकाच्या बायकोच्या मागं, नाकापर्यंत पदर. नायकाची बायको म्हणली, आमाले काय समजते त्यातलं. मी म्हटलं, मले बी सकाळपर्यंत समजत नव्हतं. हे काळं आहे ते जमनीची श्वासाची वाट. हे इथं पाहा. इथं काय दिसते?

कोणी म्हणलं, उजेड दिसते. एक बाई म्हणली, तेज आहे ते. मी म्हटलं, तेज नाई, घुगरी आहे. ही एक आन् ही दुसरी.

भिंतीले टेकून बसलेला म्हातारा सेवाराम म्हणला, देवाची मर्जी. तवा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "देवानं वाट सरळ देली होती, सेवाराम. ही पांढरी रेघ देवाची नाई, सोनाराची आहे."

नायक समजदार माणूस, त्याले भांडण नको होतं. त्यानं विचारलं, मंग काय साऱ्या बायांच्या घुगऱ्या सोडायच्या का, रीत मोडायची का. मी म्हटलं, साऱ्यांच्या नाई. जी मशीनीत झोपंल तिच्या, झोपेपुरत्या. आन् आजपासून जमनी घुगऱ्यांसकट गेली असं माझ्यापुढं कोणी म्हणायचं नाई. म्हणायचं असंल तं पूर्ण म्हणा. घुगऱ्यांमुळं फोटो आला नाई, म्हणून इलाज झाला नाई, म्हणून गेली. एवढं लांब म्हणा, नाईतं काहीच म्हणू नका.

तुझी चेष्टा बी त्यांले आठवण करून देली. मशीनले गंडवलं म्हणून तुमी साऱ्या हसल्या ना, मी बी हसलो, म्हटलं. कोणी वर पाह्यलं नाई.

लिला जेठाशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाई. लग्न होऊन आली तवापासून तिचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला. तिनं नायकाच्या बायकोच्या कानात सांगतलं, आन् नायकाच्या बायकोनं मोठ्यानं सांगतलं. जाईन म्हणते. पण बाईच्या हातानं घुगरी सुटली म्हणजे बाई रांड झाली, विधवेच्या घुगऱ्या बायाच सोडतात, तशीच रीत आहे. म्हणून मालकानं आपल्या हातानं सोडायची, दवाखान्यातच, आन् मशीनीतून उठल्याबरोबर त्यानंच बांधायची. यात कोण्या बाईचा हात नको.

परसरामचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्याले बैलाचा कासरा नीट बांधता येत नाई. पण सारे पाहत होते, तो हो म्हणला. आन् मी मनात म्हटलं, जमने, हे तुझ्या डोक्यातून निघायले पायजे होतं. रीत मोडली बी नाई आन् काम बी होते, अशी वाट बाईलेच सुचते.

आमी तिघं यवतमाळले गेलो. मशीनीच्या खोलीबाहेर लिला बाकावर बसली, परसराम तिच्यापुढं. भावजयीचे उघडे केस पाहायचे नाईत म्हणून मी भिंतीकडं तोंड करून उभा राह्यलो. मागं नुसता आवाज ऐकू येत होता. तेल पिऊन पिऊन गाठी दगड झाल्या होत्या. परसराम घामाघूम. लिला दबक्या आवाजात त्याले म्हणत होती, केस आहेत, तण नाई उपटून राह्यले. शेवटी त्यानं दातानं गाठ सोडली. मशीनवाला तोच होता. यावेळी त्यानं विचारलं, सगळं काढलं ना, नक्की. लिलानं पदर मागं घेऊन डोकं त्याच्यापुढं वाकवलं असंल, कारण तो लगेच म्हणला, हो हो, ठीक आहे, या.

ती आत गेली. परसराम रुमालात घुगऱ्या धरून माझ्याजवळ बसला. जरा वेळानं छातीवर हात ठेवला. "दादा, मले कसंतरी होते."

"सकाळपासून काय खाल्लं?"

"काही नाई."

"मंग तेच होते. बस तिथं. मरत नाईस."

मी खालून आलुबोंडे आणले. एका हातात घुगऱ्या घट्ट धरून दुसऱ्या हातानं त्यानं ते सारे खाल्ले. मले एक बी ठेवला नाई.

लिलाचा फोटो स्वच्छ आला. डॉक्टरनं आमाले बोलावून दाखवलं. शिरेत सोडलेलं औषध पांढरं दिसते, वाहत्या पाण्यासारखं, आन् काळजाच्या वर जिथं नळीचं टोक होतं तिथं ते अडलं होतं. नळीच्या भवती रक्ताची गाठ बसली होती, शीर जवळजवळ बुजली होती. आणखी थोडं थांबले असते तं कठीण होतं, म्हणले. त्यांनी ती नळी काढली, दुसरीकडून घातली, शीर फुगवली, रक्त पातळ करायचं औषध देलं. तोंडाची सूज हळूहळू उतरली. आता तिचे डोळे सकाळी उघडतात. किडन्या काही वापस आल्या नाईत, रक्त धुणं चालूच आहे, पण ती आहे. चुलीपुढं बसते. परसरामवर ओरडते, ते मले भिंतीपलीकडून ऐकू येते.

घुगऱ्या त्यानंच परत बांधल्या, मशीनीच्या दारातच. एक वर, एक खाली. एसटीत एक बाई विचारत होती, काहो, हे कोणत्या तांड्याचं वळण. लिलानं अजून तशाच ठेवल्या, नीट करून घेतल्या नाईत.

नळावर बाया बोलतात ते बी ऐकतो मी. लिलाच सांगते त्यांले, जमनीबाईचा फोटो कसा खराब आला आन् माझा कसा नीट आला. तुझं नाव घेते, खाली पाडत नाई. वरच्या तांड्यातल्या एका बाईच्या गळ्यात नळी घातली आहे म्हणे, तापात. तिच्या घरचे येऊन गेले. मी तारेवर टांगायचा फोटो गुंडाळून तयार ठेवला आहे. बोलावलं तं जातो, नाई बोलावलं तं बी जातो.

जमने, एक गोष्ट तुले जिवंतपणी सांगतली नाई, ते सांगतो. माझ्यासाठी एवढं कोणी जपलं नाई. माय लवकर गेली, बाप दारूत गेला. एवढी वर्षं कोणीतरी रोज सकाळी केस विंचरताना माझा जीव चाचपून पाहे, जागेवर आहे ना म्हणून, हे मले ठाऊक होतं. मी त्याची मस्करी करत होतो. तू गेल्यावर उशीवर मान ठेवतो तं कानाशी ती चांदी वाजत नाई, आन् मले झोप येत नाई. याचे उपकार कसे फेडायचे ते समजत नाई. पण उपकार वेगळे आन् भांडण वेगळं. दवाखान्याच्या ओट्यावरचं भांडण अर्धं राह्यलं आहे. शेवटचा शब्द तू घेऊन गेली आन् मले तवा उत्तर नव्हतं.

आता आहे. लिलाच्या घुगऱ्या सुटल्या होत्या, ती आत गेली, बाहेर आली, तेवढा सारा वेळ मी परसरामकडं पाहत होतो. तो बाकावर बसला होता, तोंडाले चटणी लागली होती, आन् श्वास घेत होता. काल त्यानं गुरांच्या आखरावरचं कुंपण बांधलं. आज सकाळी माझ्या दारातून गेला, बैलाले शिव्या देत, धडधाकट.

मी बी मेलो नसतो, जमने.